करडीच्या घरात येणारी तार

भंडारा

चि. नातीस,

परवा फोनवर तू सांगितलंस की सोमवारी फिटर येतोय, करडीच्या घरी इंटरनेट लागतंय. तुझ्या आवाजातला आनंद ऐकून फार बरं वाटलं. पण मागून तुझ्या बाबांचं बोलणंही कानावर आलं, "तो येईल, डबा लावून जाईल, आपल्याला काय करायचं त्यात?" ते मला पटलं नाही. सोमवारी मला तिकडे येता येणार नाही आणि फोनवर सांगितलेलं दोन दिवसांत विसरलं जातं, म्हणून कागदावर लिहितो आहे. हा कागद मोडेमजवळ खिळ्याला अडकवून ठेव.

माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात खांबावर, खड्ड्यात आणि जॉइंटपाशी गेली. त्यावरून सांगतो, घरात येणारी तार कुठून येते, कशी चालते आणि कुठे दगा देते, हे घरातल्या एका माणसाला तरी नीट ठाऊक पाहिजे. आपल्या घरात ते माणूस तू व्हावंस असं मला मनापासून वाटतं. दादा सकाळी बाहेर पडतो तो संध्याकाळी येतो. बाबा धानाच्या मागे. तुझी आता अकरावी विज्ञान, या तारेची सर्वांत जास्त गरज तुलाच लागणार. आणखी एक कारण आहे. आपल्याकडे यंत्र आलं की त्याचा ताबा घरातल्या पुरुषाकडे जातो आणि बाईला कुणी विचारत नाही. मोटारपंपाचं तसंच झालं, ट्रॅक्टरचं तसंच झालं. या तारेचं तसं होऊ देऊ नकोस.

करडी वैनगंगेच्या या तीरावर, तालुक्याचं मोहाडी त्या तीरावर, मागे कोक्याचं जंगल. फिटर कुठूनही येवो, त्याला अंतर तोडूनच यावं लागतं. अशा ठिकाणी बिघाड नेमका सांगता येणाऱ्याचं काम एका फेरीत होतं आणि "बंद पडलंय हो" एवढंच सांगणाऱ्याला वाट पाहावी लागते. माझ्याकडे तक्रारी यायच्या तेव्हा बहुतेक लोक म्हणायचे, फोन मेला. एखादा मात्र सांगायचा, "घंटी वाजते, पण बोलताना खरखर होते, पाऊस आला की वाढते." अशा माणसाच्या घरी जाताना मी जॉइंटचं सामान घेऊनच निघायचो, कारण पाणी जॉइंटमध्ये शिरलंय हे त्याच्या बोलण्यातूनच कळलेलं असायचं.

तांब्याच्या तारेबद्दल थोडं लिहितो, म्हणजे आता येणारी तार काय आहे ते लक्षात येईल. टेलिफोनची तार म्हणजे तांब्याची जोडी. दोन बारीक तारा एकमेकींना पीळ देऊन एक्सचेंजपासून घरापर्यंत आणलेल्या. वाटेत खांब, तारा वाटून देणारे डीपीचे डबे, जमिनीखालच्या केबली आणि जिथे दोन तुकडे जुळले तिथे जॉइंट. श्रावणातल्या झडीत असा जॉइंट उघडला की आतल्या तांब्यावर हिरवट निळी पूड चढलेली दिसायची. चाकूने खरवडलं की खाली लालसर धातू लागायचा. पुसायचं, सुकवायचं, पुन्हा पिळायचं, टेप मारायचा. पुढच्या झडीत तीच जागा पुन्हा बोलायची. शिवाय तांबं विकलं जातं, त्यामुळे रातोरात केबल कापून नेणारेही होते.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला. विदेश संचार निगमाने ते आणलं, आणि तेही मोठ्या शहरांत. टेलिफोनच्या तारेवरून मोडेम नंबर फिरवायचा, किर्र किर्र आवाज करत जुळायचा, आणि तो जुळला की घरचा फोन अडकून पडायचा. वेग होता सेकंदाला ९.६ किलोबिट. २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड कशाला म्हणायचं ते ठरलं, किमान २५६ किलोबिट आणि जोडणी सदा चालू. २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलने त्याच तांब्याच्या जोडीवर ब्रॉडबँड सुरू केलं. बोलण्याचा आवाज खालच्या कंपनांवर आणि इंटरनेट वरच्या कंपनांवर, अशी एकाच तारेवर दोन कामं चालायची. दोन्ही वेगळी करायला भिंतीजवळ एक छोटी डबी लावत, तिला स्प्लिटर म्हणत. चांगली युक्ती होती. पण वरची कंपनं तांब्यात लवकर विरतात. एक्सचेंजपासून घर चार-पाच किलोमीटरच्या पुढे गेलं की वेग जवळजवळ हाती लागतच नसे. शहरात एक्सचेंज गल्लीच्या टोकाला, म्हणून तिथे ते चाललं. खेड्यापाड्यांत ते नीट चाललंच नाही. त्यात फिटरचा आळस नव्हता, तो तांब्याचा गुण होता. आजही ज्याच्या त्याच्या तोंडी "गावात नेट चालतच नाही" असतं, त्याची सुरुवात तिथून झाली.

आता तुझ्याकडे येते आहे ती काचेची तार, फायबर. आतला काचेचा गाभा फक्त ९ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक. त्यातून वीज जात नाही, उजेड जातो. बाहेरच्या काचेच्या थरावर आदळून तो आतच परततो आणि वळणावळणाने पुढे जात राहतो. यामागचं एक नाव आपल्या देशातलं आहे. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी. त्यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काम करून १९५४ साली काचतंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं. पुढे १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी मांडलं की उजेड विरतो तो काचेतल्या अशुद्ध कणांमुळे, काच पुरेशी शुद्ध केली तर तो कित्येक किलोमीटर जाईल. काओ यांना २००९ चं नोबेल मिळालं. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात पूर्ण आंतरिक परावर्तन हा धडा येईल, तेव्हा तो नुसता परीक्षेपुरता वाचू नकोस, तो तुझ्या भिंतीतून आत आलेला असेल.

गावात किंवा जवळपास कंपनीचं एक यंत्र असतं, त्याला ओएलटी म्हणतात. तिथून निघालेला एक तंतू वाटेत स्प्लिटरने फोडतात आणि ३२ किंवा ६४ घरांना देतात. (हा स्प्लिटर काचेचा, मघाच्या डबीशी त्याचा फक्त नावापुरता संबंध.) आपल्या मालगुजारी तलावाच्या पाटाला बांध्या जोडलेल्या असतात, तसं हे वाटप समज. सगळ्या घरांना मिळून खाली यायला सुमारे अडीच गिगाबिट आणि वर जायला सव्वा गिगाबिट. म्हणून रात्री जेवणानंतर सगळे एकदम व्हिडिओ लावतात तेव्हा वेग थोडा उतरू शकतो. थोडा उतरणं ठीक. रोज रात्री पार बसत असेल तर कंपनीने वाटप ओढून ताणून केलंय असं समजायचं आणि तसं सांगायचं.

सोमवारी फिटर आला की त्याच्यासोबत राहा. चहा आई करेल, तू खांबापासून चालत ये. तार कोणत्या खांबावरून निघते, रस्ता कुठे ओलांडते, आपल्या भिंतीत कुठून शिरते, हे वहीत काढून ठेव. रस्ता ओलांडते तिथे उंची बघ. दिवाळीनंतर तणसाने भरलेल्या ट्रॉल्या आपल्या रस्त्याने जातात, उसाचे ट्रॅक्टर जातात. त्या वरपर्यंत लादलेल्या असतात आणि खाली लोंबणारी तार सहज ओढून नेतात. फिटर घाईत असला तरी त्याला म्हण, "भाऊ, इथे अजून वर बांधा." तो बांधेल. आंब्याच्या फांदीवरून तार नेऊ देऊ नकोस. जंगल जवळ आहे, वानरांच्या टोळ्या येतात, फांदीवरची तार त्यांच्या हाताशी येते. वाराणसीत घाटांवरच्या फायबर केबली माकडांनी कुरतडून टाकल्याच्या बातम्या २०१५ साली सगळीकडे आल्या होत्या. तिथे झालं ते करडीत न होण्याचं कारण नाही.

भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला जरा खाली उतरतं ठेवायला सांग, नाहीतर पावसाचं पाणी तारेवरून ओघळत घरात येतं. भोक बुजवायला पुट्टी किंवा सिमेंट, कागदाचा बोळा नको. आणि मुख्य गोष्ट, फायबर कुठेही काटकोनात मोडायचं नाही. तांब्याची तार वाकवली तरी चालायची, काचेतला उजेड मात्र अरुंद वळणावर बाहेर गळतो. दाराच्या फटीत दबलेली, खिळ्याने ठोकलेली, गुंडाळी करून घट्ट बांधलेली तार दिसायला साबूत असते आणि आतून उजेड गळत असतो. जास्तीची तार उरली तर पेल्याच्या तोंडाएवढी मोकळी गुंडाळी करून टांगायची. कापलेल्या टोकात डोळा लावून पाहू नकोस आणि लहान भावालाही पाहू देऊ नकोस. आतला उजेड अवरक्त असतो, दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो. काचेचे कापलेले बारीक तुकडे फिटरला गोळा करून न्यायला सांग. ते बोटात रुतले की दिसतही नाहीत.

जोडणी झाली की त्याच्याकडे पॉवर मीटर असेल, हातात मावणारं छोटं यंत्र. "रीडिंग किती आलं?" असं विचार. आकडा वजामध्ये येईल. वजा २० च्या आसपास असेल तर उत्तम. वजा २५ च्या पुढे गेला तर पुन्हा जॉइंट करायला सांग, कारण वजा २७ च्या पलीकडे बहुतेक मोडेमना उजेड ओळखू येत नाही. नव्या जोडणीतच आकडा काठावर असेल तर पहिल्या पावसाळ्यात ती तुटलीच समज. तो आकडा तारखेसह या कागदाच्या पाठीमागे लिहून ठेव. पुढे कधी वेग पडला तर जुना आकडा आणि नवा आकडा समोरासमोर ठेवता येतील. अकरावीतल्या मुलीने रीडिंग विचारलं की फिटर जरा चमकून बघेल, पण जोडणीही जास्त नीट करून जाईल, हे माझं पाहिलेलं आहे.

डब्यावरचे दिवे ओळखून ठेव. पॉवर म्हणजे वीज. पॉन हिरवा आणि स्थिर असेल तर पलीकडच्या यंत्राशी बोलणं जुळलंय. तो लुकलुकत असेल तर जुळण्याची धडपड चालू आहे. एलओएस लाल लुकलुकायला लागला तर उजेडच येत नाही, म्हणजे तार तुटली किंवा पलीकडचं यंत्र बंद. अशा वेळी डबा दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही. शेजारी विचार. त्यांचंही गेलं असेल तर बिघाड मुख्य तारेत किंवा यंत्रापाशी. फक्त आपलंच गेलं असेल तर खांबापासून घरापर्यंतची तार बघ, तुझ्या वहीत रस्ता काढलेला आहेच. पॉन हिरवा आहे, लाल दिवा नाही, आणि तरी इंटरनेट नाही, तर तार ठीक आहे. मग बिल थकलंय का ते पाहा, नाहीतर युजरनेम-पासवर्डचा घोळ असतो.

त्या युजरनेमबद्दल ऐक बाई, इथेच बहुतेक घरं अडकतात. बऱ्याच जोडण्यांत डब्याच्या आत कंपनीचं एक युजरनेम आणि पासवर्ड भरलेला असतो. डबा दर वेळी त्याने दार ठोठावतो तेव्हा पलीकडून इंटरनेट मिळतं. फिटर तो भरतो आणि निघून जातो, घरात कुणालाच ठाऊक नसतो. डब्याच्या मागे एक बारीक भोक असतं, रिसेटचं. कुणी सांगतं "नेट हळू आहे, पिन टोचा", पोरं टोचतात, डबा कोरा होतो आणि फिटर येईपर्यंत घर बंद. म्हणून दोन गोष्टी कर. फिटर जाण्याआधी ते युजरनेम आणि पासवर्ड मागून वहीत लिहून घे. ते सांगणार नाही म्हणाला तर किमान ग्राहक क्रमांक आणि नीट लागेल असा फोन नंबर घे. आणि रिसेटच्या भोकावर चिकटपट्टी लाव.

ही झाली तारेची बाजू. आता वाय-फाय. लोक दोन्ही एकच समजतात आणि म्हणून नको तिथे भांडतात. घरापर्यंत येतं ते इंटरनेट, डब्यापासून मोबाइलपर्यंत जातं ते वाय-फाय. वेग मोजायचा तर आधी डब्याला वायर जोडून लॅपटॉपवर मोज, तो आकडा कंपनीचा. मग स्वयंपाकघरात मोबाइलवर मोज, तो आकडा आपल्या भिंतींचा. १०० मेगाबिटचं कनेक्शन घेतलं म्हणजे सेकंदाला १०० मेगाबाइट फाइल उतरत नाही, आठने भागायचं, साडेबारा उतरते. हे माहीत नसल्याने कंपनीने फसवलं म्हणणारे शिकलेले लोकही मी पाहिले आहेत.

आपलं घर अर्धं जुनं मातीच्या जाड भिंतींचं आणि अर्धं नवं स्लॅबचं. डबा छपरीत लावला तर ओसरीत बसणाऱ्या पाहुण्यांना छान चालेल आणि तुझ्या अभ्यासाच्या खोलीत काही पोचणार नाही. फिटर दाराजवळ लावायला बघेल, कारण तार कमी लागते. त्याला घराच्या मध्यावर न्यायला सांग, मधल्या खोलीत, छातीच्या उंचीवर, मोकळ्या भिंतीवर. लोखंडी कपाटात किंवा कपाटामागे नको, लोखंड लहरी अडवतं. सांदवाडीतल्या टिनाच्या खोलीत वाय-फाय नीट पोचेल अशी आशा धरू नकोस. डब्यावर दोन नावं दिसतील. २.४ गिगाहर्ट्झवालं लांब जातं, भिंत बऱ्यापैकी ओलांडतं, पण हळू. ५ गिगाहर्ट्झवालं वेगवान, पण एका मातीच्या भिंतीतच थकतं. व्हिडिओचा तास असेल तर डब्याच्या खोलीत बसून ५ वर जोड, लांबून नुसतं वाचायचं असेल तर २.४ पुरे. तुझ्या टेबलापर्यंत एक लॅन केबल टाकता आली तर सर्वांत चांगलं, तिला शंभर मीटरपर्यंत काही होत नाही. त्याचे पैसे माझ्याकडून.

विजेबद्दल एक फरक लक्षात ठेव. जुन्या टेलिफोनला घरची वीज लागतच नसे. एक्सचेंजमधल्या बॅटरीतून ४८ व्होल्ट त्याच तांब्यातून घरी यायचे, म्हणून अंधाऱ्या रात्रीही फोन वाजायचा. काचेतून वीज येत नाही. घरची वीज गेली की डबा मेला. बहुतेक डब्यांना १२ व्होल्ट लागतात, त्यासाठी छोटा यूपीएस बाजारात मिळतो आणि तो दोन-तीन तास डबा चालवतो. घेताना डब्यामागे छापलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्यायचे, दिसायला सारखा म्हणून दुसराच अडॅप्टर लावायचा नाही. मृगाच्या आधीच्या वादळात विजा कडाडायला लागल्या की अडॅप्टर बोर्डातून काढ. काचेवर विजेचा परिणाम होत नाही, पण बोर्डातून आलेल्या झटक्याने डबा जळतो.

आता पासवर्ड. डब्याच्या पाठीवर छापलेला वाय-फायचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदल. बाबांचा मोबाइल नंबर ठेवू नकोस, गावात तो सगळ्यांना पाठ आहे. सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ असल्याची खात्री कर. डब्याच्या आतल्या पानाचा पासवर्ड वेगळा असतो, बहुतेक वेळा ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की ते पान उघडतं. तिथला 'अ‍ॅडमिन' हा पासवर्ड तसाच राहिला तर घरात आलेला कुणीही तुमचं सगळं बदलू शकतो. कंपनीतून बोलतोय म्हणून कुणी ओटीपी मागितला किंवा मोबाइलवर एखादं अ‍ॅप टाकायला सांगितलं तर फोन ठेवून दे. कंपनीला बिघाड काढायला तुझा ओटीपी लागत नाही. घरात कुणाचे पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा.

शेजारपाजारची मुलं येतील. आई म्हणेल पासवर्ड सगळ्यांना सांगू नको, आणि तिचं चुकत नाही, कनेक्शन बाबांच्या नावावर आहे, त्यावरून कुणी काही उद्योग केला तर विचारणा बाबांकडे होईल. तरीही दार बंद करू नकोस. डब्यात गेस्ट नेटवर्क नावाची सोय बहुधा असते, वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, घरच्या उपकरणांपर्यंत पोच नाही. शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा अर्ज भरायचा असेल, सीईटीचं प्रवेशपत्र काढायचं असेल, तर शेजारच्या मुलीला छपरीत बसवून हे गेस्ट नेटवर्क दे आणि दर महिन्याला पासवर्ड बदल. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा तू सहावीत होतीस, गोठ्यामागच्या उंचवट्यावर मोबाइल वर धरून उभी राहायचीस. तेव्हा ज्यांच्या घरी एकही मोबाइल नव्हता त्या मुलींचं वर्ष कसं गेलं ते तुला माहीत आहे.

गावागावांत फायबर नेण्याची सरकारी योजना २०११ च्या ऑक्टोबरात मंजूर झाली, पुढे तिला भारतनेट नाव मिळालं. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या होत्या. हे काम मोठं आहे आणि मी त्याला कमी लेखत नाही. पण ग्रामपंचायतीच्या खोलीतला डबा हा शेवट धरून चाललं, तर सात-बारासाठी शेतकरी तसाच सेवा केंद्राच्या रांगेत उभा राहतो. तार घरात आली की डिजिटल सहीचा सात-बारा तू बाबांना रात्री घरी बसून काढून देशील, धानाच्या नोंदणीसाठी लागणारे कागद एकदाच नीट जुळवून ठेवशील. घराला या तारेचा खरा उपयोग तो.

आणि एक गोष्ट, जी मला सर्वांत जास्त सांगायची आहे. तांब्यावरच्या ब्रॉडबँडमध्ये खाली येणारा वेग बरा असायचा, वर जाणारा अगदी थोडका. त्याची रचनाच तशी होती. गावाने घ्यायचं, बघायचं, ऐकायचं, पाठवायचं मात्र नाही. काचेच्या तारेवर वर पाठवायलाही भरपूर वाव आहे. तेव्हा कनेक्शन घेताना अपलोड किती देणार हे बाबांना विचारायला लाव. मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर वाचता येतो, ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि जो पूर्वी मोठ्या वाचनालयातच हाती लागायचा. तो रोज थोडा वाच. पण तेवढ्यावर थांबू नकोस. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे आणि त्यात कुणीही लिहू शकतं. आजीला दंडारीतली किती गाणी येतात ते तुला ठाऊक आहे. तिचा आवाज टिपून ठेव, आपल्या झाडीच्या बोलीतले शब्द लिहून ठेव, करडीची माहिती नीट पडताळून टाक. आपल्या भागाबद्दल बाहेरच्यांनी लिहिलेलं वाचण्यात आमचं आयुष्य गेलं.

शेवटी तक्रारीचं. बिघाड झाला की नुसत्या फिटरच्या मोबाइलवर भिस्त ठेवायची नाही, तो भला माणूस असला तरी. कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करायची आणि तक्रार क्रमांक, तारीख, वेळ वहीत लिहायची. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे कंपन्यांना तक्रार केंद्र आणि त्यावर अपील प्राधिकारी ठेवावाच लागतो. केंद्राने ऐकलं नाही तर तक्रार क्रमांकासह अपील करता येतं, त्याला वकील लागत नाही. बोलताना तीनच गोष्टी सांगायच्या, कोणता दिवा कसा आहे, शेजाऱ्यांचं चालू आहे की नाही, आणि कधीपासून. एवढं सांगितलं की पलीकडच्याला उडवाउडवी करायला जागा राहत नाही.

रीडिंगचा आकडा सोमवारी संध्याकाळी मला कळव. आणि पहिल्यांदा लाल दिवा लागेल, तेव्हा तक्रारीचा फोन बाबांनी किंवा दादाने करायचा नाही. तो तू करायचा.

तुझे,
आबाजी